चार किलोचा एक किलो

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदीचा तो पहिला दिवस. आमच्या दारात गुढी उभी होती आणि घरामागच्या दीड एकर मांडवात चौदा टन द्राक्षं तयार होऊन लोंबत होती. ती न्यायला कुणी येणार नव्हतं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. बाग तास-ए-गणेशची. हा वाण आमच्याच तालुक्यात, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या द्राक्षाच्या वाणातून निवडून काढलेला, त्यामुळं आमच्याकडं त्याच्याबद्दल एक वेगळी माया असते. त्या वर्षी त्या बागेनं आम्हाला रडवलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस थांबायचं नाव घेईना. घडासाठीची गोडी छाटणी झालेली, कोवळी फूट बाहेर आलेली आणि वरून रोज पाऊस. डाऊनी या बुरशीच्या रोगानं शेजारच्या कितीतरी बागा गेल्या. आण्णा, म्हणजे माझे वडील, पाऊस उघडला की रात्री अकरालासुद्धा फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत जायचे. घड वाचले. जानेवारीत मण्यात पाणी उतरलं तेव्हा आण्णांनी आईला बोलावून घड हातात धरून दाखवला होता, जणू पहिल्यांदाच बाग लावलीय.

फेब्रुवारीच्या शेवटी सौदा ठरला. चार किलोच्या पेटीला १७० रुपये, विसार २० हजार. २० आणि २१ मार्चला व्यापाऱ्याच्या टोळीनं दोन टन माल काढला. २२ तारखेला जनता कर्फ्यू. २३ तारखेला इस्लामपुरात रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि सगळा जिल्हाच दारं लावून आत बसला. व्यापाऱ्याचा फोन आधी लागेना, मग बंद. आज मला कळतं, त्याचेही ट्रक कुठल्यातरी नाक्यावर अडकले असतील, पुढच्या बाजारात त्याचेही पैसे थकले असतील. पण तेव्हा 'जमत नाही' एवढं सांगायला त्यानं एक फोन करायला हवा होता, हे मला आजही वाटतं. आण्णा चार दिवस दर तासाला नंबर लावत होते.

मी १९ तारखेला पुण्याहून आले होते. सदाशिव पेठेत तीन वर्षं राहून राज्यसेवेचा अभ्यास करत होते. पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, माझा तिसरा प्रयत्न. दहा दिवस घरी शांतपणे उजळणी करावी म्हणून पिशवीभर पुस्तकं घेऊन आले. मग परीक्षा २६ एप्रिलवर गेली आणि तिथूनही पुढं गेली. घरात दोन माणसं हताश होती, आण्णा आणि मी. आई दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि काही न बोलता ताट वाढायची.

गावात भाव विचारायला गेलं तर किलोला १२ रुपये. तेही न्यायला गाडी मिळाली तर. वरच्या आळीतल्या एकानं घड कापून सरीत टाकायला सुरुवात केली. ते दिसलं तेव्हा मला वाटलं, एवढी निराशा तरी का करावी माणसानं, चार दिवस थांबावं की. आण्णांनी मला समजावलं ते मी विसरलेले नाही. द्राक्षाला थांबणं परवडत नाही. घड वेलीवर राहिला की वेलीचं बळ खातो. एप्रिलच्या मध्यापर्यंत खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची छाटणी, झाली नाही तर नवी काडी उन्हाळ्याच्या उन्हात तयार होत नाही, आणि पुढच्या वर्षीचा घड त्याच काडीच्या डोळ्यात आत्ता, एप्रिल-मेच्या उन्हात धरत असतो. म्हणजे हे वर्ष वाचवायला बसलो तर पुढचं वर्षही जाणार. सरीत घड टाकणारा माणूस खचलेला नव्हता, तो पुढचं वर्ष वाचवत होता.

बेदाण्याचा विषय तात्यांनी काढला. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांनी पूर्वी काही वर्षं बेदाणा केला होता, मग खायच्या द्राक्षाला भाव बरा मिळतो म्हणून सोडला. फोनवर म्हणाले, "टाक की रॅकवर. कुजवण्यापरीस वाळवल्यालं बरं." आण्णांनी लगेच नाही म्हटलं. त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. आमची बाग खायच्या मालाची. मणी फुगवायला जीएच्या, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवायच्या, डिपिंग केलेल्या, विरळणी केलेली, मणी मोठा आणि पाणीदार. बेदाण्याला साखर लागते, किमान २२ ब्रिक्स; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. आमचा माल तेव्हा १८ ला होता. तसाच वाळवला तर बेदाणा चपटा पडतो, गर नसतो आणि वजन मिळत नाही.

मग आम्ही त्या रात्री कागद घेऊन बसलो. माझ्या चालू घडामोडींच्या वहीचं मागचं पान. चौदा टन गुणिले १२ रुपये, एक लाख ६८ हजार. सोसायटीचं कर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी, मजुरी, सगळं धरून त्या बागेवर जवळजवळ तीन लाख खर्च झालेला. बेदाणा केला तर साधारण चार किलोला एक किलो, आपल्या मालाला त्याहून थोडं जास्तच लागणार. खर्च वेगळा. भाव काय मिळेल ते कुणालाच माहीत नाही. पण एक गोष्ट मी त्या पानावर अधोरेखित करून ठेवली होती, ती वही अजून आहे: 'बेदाणा थांबू शकतो.' तेव्हा ते वाक्य मी फक्त हिशोबातली एक बाब म्हणून लिहिलं होतं.

बागेचं पाणी तोडलं. साखर वाढवायची तर दुसरा उपाय नव्हता. रोज सकाळी आण्णा चार-पाच वेलींवरचे मणी तोडून आणायचे, मी ब्रिक्स मीटरच्या काचेवर थेंब पिळायची आणि उजेडाकडं धरून आकडा वाचायची. १८.५. १९. १९. २०. एवढा सावकाश वाढणारा आकडा मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी ढग आले की घरात कुणी बोलायचं नाही, कारण पिकलेल्या, तहानलेल्या मण्यावर पाऊस पडला की तो फुटतो. दरम्यान २७ मार्चला केंद्र सरकारनं शेतीच्या कामांना टाळेबंदीतून सूट दिल्याचं कळलं. शेतमाल वाहतुकीच्या पासासाठी मी अर्ज केला. राज्यशास्त्राची तीन वर्षं पाठ केलेली पुस्तकं शेजारी होती आणि माझं लक्ष टेंपोचा नंबर नीट भरलाय का याकडं होतं.

७ एप्रिलला आकडा साडेएकवीस आला. २२ ची वाट बघण्याइतके दिवस हातात नव्हते. दुसऱ्या दिवशी काढणी सुरू केली.

शेड मिळाली नागजच्या बाजूला, कवठेमहांकाळ तालुक्यात. आमच्या भागातले पुष्कळ लोक माल तिकडं नेतात, पुढं सांगोल्याकडं जुनोनीपर्यंत माळरानावर शेड दिसतात. तो सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. एरवी त्या भागाचं नाव निघतं ते दुष्काळ आणि टँकरच्या संदर्भात. पण बेदाण्याला हवी असते तीच गोष्ट तिथं आहे, कोरडी हवा आणि दिवसभर वाहणारा वारा. शेडमालक म्हणाले, "पाऊस देत न्हाई, पर वारं देतोय देव." ते अगदी साधेपणानं म्हणाले, कारण किलोमागं भाडं सांगता सांगता त्यांना वाऱ्याची दिशा दाखवायची होती.

बेदाणा कसा होतो हे मी त्याआधी लांबून पाहिलं होतं, हात कधी घातला नव्हता. शेड म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात एकावर एक दहा-बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यात ताणलेली जाळी. वर छप्पर, बाजूला हिरवी शेडनेट, म्हणजे वारा आत यावा पण ऊन थेट लागू नये. उन्हात वाळवला तर बेदाणा तांबूस होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळला तर हिरवा राहतो, आणि भाव हिरव्याला.

क्रेट आले की आधी निवड. फुटका, कुजका, कच्चा मणी घडातून काढायचा. मग द्रावण. १०० लिटर पाण्यात दीड लिटर डिपिंग ऑइल आणि २ किलो ४०० ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट. द्रावणाचा सामू ११ च्या आसपास आहे का ते कागदाच्या पट्टीनं बघायचं. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट लव असते ती म्हणजे मेण. ते मेण आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर द्राक्ष दिल्लीपर्यंत ताजं पोचतं. द्रावणात दोन-तीन मिनिटं घड बुडवला की ते मेण सैल होतं आणि पाण्याला वाट मिळते. न बुडवता वाळवायचं तर महिनाभर लागेल, बुडवून वाळवलं की पंधरवड्यात काम होतं. हे ऐकताना मला आण्णांची आठवण व्हायची, ते माझ्यापासून दहा फुटांवर क्रेट उतरवत होते तरी. वर्षभर त्या लवेला बोट लागू नये म्हणून ते मजुरांच्या मागं उभे राहायचे. घड देठाला धरा, मण्याला हात लावू नका, चमक जाते. आता तीच लव ते स्वतः घालवत होते. पहिला क्रेट त्यांनी बुडवला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पाच दिवस काढणी चालली. मजूर कमी, तोंडाला रुमाल, अंतर ठेवून जेवण. आई, मी, चुलती आणि शेडवरच्या चार बायका रॅकवर घड पसरायचो, एकावर एक येणार नाही असे. तेलानं हात तुळतुळीत आणि कार्बोनेटनं बोटांची कातडी कोरडी, रात्री खोबरेल लावून झोपायचं. शेडवरच्या बायकांचे हात वर्षानुवर्षं असेच असतात हे मला तेव्हा कळलं. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, तुमची परीक्षा कसली असते. मी सांगितलं. तिनं विचारलं, मग त्यात रेशनचं काम करणारा साहेब होता येतं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग दे तू परत. ह्ये काय, हंगाम दोन म्हयन्याचा." तिचं ते बोलणं मला त्या वर्षीच्या कुठल्याही मार्गदर्शनापेक्षा जास्त लागलं.

रॅकवर टाकल्यानंतरही द्रावणाच्या फवारण्या असतात, प्रमाण कमी करत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मणी मऊ पडतो, मग सुरकुततो. वास बदलतो. आधी ताज्या द्राक्षाचा, मग शिजवलेल्या उसाच्या रसासारखा. आठव्या दिवशी वाटलं, निभावलं. त्याच संध्याकाळी वळीव आला. अर्धा तासच, पण वाऱ्याबरोबर. आम्ही ताडपत्र्या ओढेपर्यंत पश्चिमेकडच्या बाजूचे खालचे कप्पे भिजले. भिजलेला माल काळा पडतो. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत. मीही शेडच्या खांबाला टेकून रडले. पाऊस, व्यापारी, टाळेबंदी, परीक्षा, सगळं एकदमच आठवलं.

दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकांचा फोन आला. म्हणाले, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, बघा." ते मनानं चांगले आहेत आणि धीर द्यायलाच बोलले. पण मला ते वाक्य तेव्हा सहन झालं नाही, आणि आजही होत नाही. वळीव चांगल्यासाठी पडला नव्हता. जी माणसं घाटातून पायी गावाकडं चालली होती, त्यांचंही काही चांगल्यासाठी चाललं नव्हतं. चांगली बाजू आधीपासून कुठंतरी मांडून ठेवलेली असते आणि आपण फक्त मान वळवायची असते, असं मला अनुभवातून वाटत नाही. आम्ही त्या दिवशी काळा पडत चाललेला माल वेगळा काढला, म्हणजे त्याच्यामुळं बाकीचा खराब होऊ नये. पूर्ण दिवस गेला त्यात. संध्याकाळी मोजलं तर भिजलेला भाग आम्हाला वाटला होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. तेवढ्यानं आण्णा जेवले.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी रॅक झाडले. रॅक हलवला की वरच्या जाळीवरचा बेदाणा कप्प्याकप्प्यातून खाली गळत येतो, पावसासारखा आवाज करत. मग ताडपत्रीवर थोडं ऊन, मग यंत्रावर काड्या वेगळ्या, मग बायकांची निवड: हिरवा लांब, हिरवा बारीक, काळा. १२ हजार ९०० किलो द्राक्ष रॅकवर गेलं होतं. बेदाणा निघाला ३ हजार १० किलो. मी ताडपत्रीवर बसून एक मूठ खाल्ली. आमची द्राक्षं मी लहानपणापासून खातेय, पण ही चव वेगळीच होती, गोडाच्या मागं हलकासा आंबटपणा राहिलेला. साखर अर्ध्या अंशानं कमी होती त्याचा तो आंबटपणा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो प्रश्न मी चालू घडामोडींत पाठ केला होता. तो बेदाणा आमच्या ताडपत्रीवर पडलाय हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

१५ किलोचे बॉक्स भरून माल कोल्ड स्टोरेजला ठेवला. बाग मोकळी झाली, खरड छाटणी आठवडाभरच लांबली.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

जूनमध्ये आण्णा आणि मी तासगावच्या सौद्याला गेलो. नमुने मांडलेले, व्यापारी फिरत होते, मूठ भरून बघत होते. आमच्या हिरव्या लांब मालाला बोली १३१ वर थांबली. अडत दुकानदारानं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही, कारण मला काही कळत नव्हतं. आण्णा म्हणाले, "न्हाई द्यायचा."

एवढंच. दुकानदार बरं म्हणाले, पुढच्या नमुन्याकडं गेले. कुणाला राग आला नाही, कुणी समजूत काढली नाही. आम्ही बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला. आण्णांचा कप हातात थरथरत होता. म्हणाले, "तीस वर्सांत पयल्यांदा न्हाई म्हणलो बग कुणाला."

मला आधी त्याचा अर्थ लागला नाही. मग लागला. पिकलेलं द्राक्ष वेलीवर असताना शेतकरी नाही म्हणू शकत नाही. व्यापारी बांधावर येतो, घड उचलून बघतो, चार दोष काढतो, ठरलेल्या भावातले पाच रुपये कापतो आणि आण्णा मान हलवतात, कारण उद्या मणी गळायला लागतील. माझं सगळं शिक्षण अशा मान हलवण्यांतून झालेलं आहे आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. आता माल थंडीत बंद होता. तो कुजणार नव्हता. भाडं चढत होतं, पण आण्णांना घाई नव्हती. चौदा टन माल वाऱ्यावर उडून तीन टन राहिला, आणि त्या तीन टनांच्या जोरावर माझे वडील एका व्यापाऱ्याला नाही म्हणाले.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, तोच माल १६५ ला गेला. १ हजार ६५० किलो. बारीक ८६० किलो १२८ नं, काळा ५०० किलो ५५ नं. एकूण ४ लाख ९ हजार ८३०. शेड, औषधं, मजुरी, वाहतूक, स्टोरेज मिळून खर्च ७८ हजार. हातात राहिले ३ लाख ३१ हजार. व्यापाऱ्याशी ठरलेला भाव मिळाला असता तर हेच चौदा टन ५ लाख ९५ हजारांचे होते. म्हणजे अडीच लाखांहून जास्त गेलेच. ते कुठल्याही दृष्टीनं बघितलं तरी गेलेले आहेत आणि बहिणीचं लग्न त्यामुळं एक वर्ष पुढं गेलं. पण १२ रुपयांनी विकलं असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट हातात आलं, आणि सोसायटीचं कर्ज वेळेत भरलं.

त्या वर्षापासून आण्णांनी अर्धी बाग ठरवून बेदाण्याला ठेवली. तिला जीएची डिपिंग नाही, विरळणीची मजुरी नाही, मणी दिसायला बारीक राहिला तरी चालतो. खर्च कितीतरी कमी. उरलेल्या अर्ध्या बागेसाठी व्यापारी बांधावर आला की आता त्यांचं बोलणं वेगळं असतं. भाव पटला नाही तर ते शांतपणे म्हणतात, "बघा, न्हाईतर रॅकवर टाकतो." बऱ्याचदा भाव तिथंच सुधारतो.

माझ्या परीक्षेचं तसं काही झालं नाही, तेही सांगायला हवं. ती पाच-सहा वेळा पुढं ढकलली गेली. मार्च २०२१ मध्ये आणखी एकदा पुढं गेली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, त्यांत मीही होते. शेवटी २१ मार्चला, रविवारी झाली. मी नापास झाले, थोड्या गुणांनी. वय, पैसे आणि बळ तिन्ही संपत आलं होतं, म्हणून मी तिथं थांबले. त्यातली चांगली बाजू मला अजून सापडलेली नाही आणि मी ती ओढूनताणून शोधत नाही. तीन वर्षांची ती खोली, ते मित्रमैत्रिणी, पहाटेची अभ्यासिका, हे सगळं मला फार प्रिय होतं आणि ते मिळालं नाही याचं दुःख आहे. आज घरच्या बेदाण्याचा सगळा व्यवहार मी बघते, तो मला आवडतो. पण तो त्या दुःखाच्या बदल्यात मिळाला असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत.

त्या रविवारी पेपर देऊन बाहेर आले, फोन चालू केला. फाटकाबाहेर मुलं उत्तरं जुळवत उभी होती. मला कळलं होतं की पेपर नीट गेला नाही. आण्णांचा फोन आला. मी गप्पच होते, त्यांनी पेपरचं विचारलं नाही.

"साखर बावीसवर आली," ते म्हणाले. "तू बघितल्याबिगर काढणी काढत न्हाई. कवा येतीस?"